तळ्याचं पाणी हिरवं कोण करतं?

सोसायटीच्या आवारातल्या हौदात डासांच्या अळ्या वळवळताना दिसल्या की कुणीतरी गप्पी मासे आणून सोडतं. मासे आपलं काम चोख करतात. थोड्याच दिवसांत अळ्या दिसेनाशा होतात. पण पुष्कळदा त्यानंतर आणखी एक गोष्ट घडते. ज्या हौदाचा तळ स्वच्छ दिसत होता, त्याचं पाणी हिरवट होऊ लागतं आणि महिन्याभरात तळ दिसेनासा होतो. हौदात कुणी खत टाकलेलं नसतं, सांडपाणी शिरलेलं नसतं, ऊनही पूर्वीचंच असतं. नवीन काय, तर ते मासे. बोटाच्या पेराएवढा मासा पाण्याचा रंग कसा काय बदलतो?

अमेरिकेत स्टुअर्ट हर्लबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच गोष्ट प्रयोग करून तपासली आणि १९७२ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी निवडलेला मासा होता गंबुशिया. हा गप्पीचा जवळचा भाऊबंद. डासांच्या बंदोबस्तासाठी तो १९२८ साली भारतातही आणला गेला. हर्लबर्ट यांनी काही कृत्रिम तळ्यांत गंबुशिया सोडले आणि काही तळी बिनमाशांची ठेवली. मासे असलेल्या तळ्यांतले पाण्यात तरंगणारे बारीक प्राणी जवळजवळ नाहीसे झाले आणि शेवाळ भरमसाट वाढलं. बिनमाशांच्या तळ्यांचं पाणी मात्र नितळ राहिलं.

हौदाला जे लागू, ते पुष्कळ अंशी मोठ्या सरोवरालाही लागू आहे. पाण्याचा रंग, त्याची स्वच्छता, तळाशी वाढणाऱ्या वनस्पती, इतकंच काय पण तळं हवेतला कार्बन शोषणार की हवेत सोडणार, हेसुद्धा तिथे कोण कोणाला खातं यावर बरंचसं अवलंबून असतं.

पाण्यातलं कुरण

हिरव्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर पाणी स्वच्छच असतं. हिरव्या असतात त्या त्यात तरंगणाऱ्या शेवाळाच्या पेशी. या सूक्ष्म वनस्पतींना वनस्पतीप्लवक म्हणतात. पोषण आणि ऊन पुरेसं मिळालं तर त्यांतल्या अनेक जाती दिवस-दोन दिवसांत दुप्पट होतात. त्यांना खाऊन जगणारे बारीक प्राणी म्हणजे प्राणीप्लवक. प्राणीप्लवकांना छोटे मासे खातात आणि छोट्या माशांना मोठे.

माळावरचं कुरण डोळ्यांसमोर आणा. गवत किती उंच होणार, हे दोन गोष्टींवर ठरतं. एक म्हणजे जमिनीचा कस आणि पाऊसपाणी. दुसरी म्हणजे त्यावर किती शेळ्या चरतात. आता त्या माळावर लांडगा फिरू लागला की शेळ्या कमी होतात आणि गवत वाढतं. लांडग्याने गवताला तोंडही लावलेलं नसतं. तळ्यात शेवाळ हे गवत, प्राणीप्लवक या शेळ्या आणि छोटे मासे हे लांडगे. फरक एवढाच, की तळ्यात लांडग्यालाही खाणारा कुणीतरी असतो. मरळ, शिंगाळा, वाम असे मांसाहारी मासे या साखळीच्या टोकाला असतात.

आता वरून खाली हिशेब करत या. मोठे मांसाहारी मासे वाढले की छोटे मासे घटतात. छोटे मासे घटले की प्राणीप्लवक वाढतात. प्राणीप्लवक वाढले की शेवाळ घटतं आणि पाणी नितळ होतं. वरचे मोठे मासे काढून घेतले, तर याच्या नेमकं उलट घडतं. वरचा परिणाम खाली उतरताना दर पायरीला उलटतो. पर्यावरणशास्त्रात याला ‘ट्रॉफिक कॅस्केड’ म्हणतात. आपण त्याला उतरता परिणाम म्हणू.

कस नसेल तर चराईचा प्रश्नच नाही

मग सांडपाणी आणि खतांमुळे तलाव हिरवे होतात असं आपण वर्षानुवर्षं वाचतो, ते चुकीचं का? मुळीच नाही. त्याचा सर्वांत बोलका पुरावा कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात आहे. तिथल्या प्रयोगासाठी राखून ठेवलेल्या तळ्यांपैकी एकाचं नाव आहे ‘तळं क्रमांक २२६’. हे तळं मध्यभागी निमुळतं आहे. डेव्हिड शिंडलर यांच्या गटाने १९७३ साली त्या चिंचोळ्या जागी पडदा लावून तळ्याचे दोन भाग केले. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन मिसळला. फॉस्फरस मात्र एकाच भागात टाकला. फॉस्फरस मिळालेला भाग गर्द हिरवा झाला आणि पडद्यापलीकडचं पाणी काळसर निळंच राहिलं. विमानातून काढलेला तो फोटो पुढे जगभर गाजला आणि कपडे धुण्याच्या पावडरींमधलं फॉस्फेट कमी करण्याच्या मोहिमेला त्याने बळ दिलं.

म्हणजे शेवाळ जास्तीत जास्त किती वाढू शकतं, ही मर्यादा फॉस्फरससारखी पोषकद्रव्यं ठरवतात. त्या मर्यादेच्या आत प्रत्यक्षात किती शेवाळ उरतं, हे खाणारे ठरवतात. सारखंच सांडपाणी मिळणारी दोन तळी वेगवेगळ्या रंगांची का दिसतात, याचं उत्तर या दुसऱ्या वाक्यात आहे.

भिंगाखालचा डॅफ्निया

प्राणीप्लवकांत अनेक जीव येतात, पण या सगळ्या गोष्टीचा नायक एकच, डॅफ्निया. मत्स्यपालनाचा छंद असलेल्यांना तो ओळखीचा आहे. माशांच्या पिल्लांना जिवंत खाद्य म्हणून तो वाढवतात. पाण्यात बारीक पांढुरके ठिपके टुण्टुण् उड्या मारत वर-खाली करताना दिसले, तर ते बहुधा हेच.

साध्या भिंगाखाली तो पाहण्यासारखा असतो. लांबी एक ते तीन मिलिमीटर. अंगावरचं कवच इतकं पारदर्शक, की आतलं सगळं उघडं. डोक्यात एकच मोठा काळा डोळा, सतत थरथरणारा. पाठीकडच्या बाजूला भराभर धडधडणारं हृदय. मधून जाणारं आतडं हिरवं दिसलं, तर समजावं की त्याने नुकतंच शेवाळ खाल्लं आहे. मादीच्या पाठीवरच्या पोकळीत अंडी किंवा चिमुकली पिल्लं दिसतात. कवचाच्या आत पायांच्या पाच जोड्या असतात आणि त्यांवर अतिशय बारीक केस. हे पाय सतत हलत राहतात, पाणी आत ओढलं जातं आणि शेवाळाच्या पेशी केसांत अडकून तोंडाकडे जातात.

दिवस चांगले असले की डॅफ्नियाच्या माद्या नराशिवायच पिल्लं देतात आणि ती सगळी माद्याच असतात. उबदार पाण्यात आठवडाभरात ही पिल्लं स्वतः वीण देऊ लागतात. त्यामुळे माशांचा त्रास नसेल तर यांची संख्या झपाट्याने वाढते, आणि मग सगळे मिळून अख्ख्या तळ्याचं पाणी दिवस-दोन दिवसांत एकदा गाळून काढतील इतकी त्यांची ताकद होते. थंड प्रदेशातल्या अनेक सरोवरांत वसंत ऋतूच्या शेवटी काही आठवडे पाणी एकाएकी नितळ होतं, ते डॅफ्नियाच्या याच चराईमुळे. दिवस वाईट आले की नर जन्मतात आणि माद्या जाड आवरणाची अंडी घालतात. ती गाळात पडून राहतात आणि कित्येक वर्षांनीही फुटू शकतात.

खात्री करून पाहायची असेल तर काचेच्या दोन बरण्यांत हिरवं पाणी भरून खिडकीशी ठेवा. एकीत चमचाभर डॅफ्निया सोडा. त्या बरणीमागे धरलेली छापील अक्षरं काही दिवसांत वाचता येऊ लागतात.

जो मोठा, तो आधी सापडतो

डॅफ्नियाचा मोठेपणा हा त्याचा गुण आहे आणि तोच त्याच्या जिवावरही उठतो. आकार मोठा असला की जास्त पाणी गाळता येतं आणि शेवाळाच्या लहान-मोठ्या सगळ्या पेशी खाता येतात. त्यामुळे मासे नसतील तिथे मोठे डॅफ्निया छोट्या प्लवकांना अन्नाच्या स्पर्धेत मागे टाकतात. पण प्लवक खाणारे बहुतेक मासे डोळ्यांनी पाहून शिकार करतात, आणि त्यांना मोठं सावज आधी दिसतं.

येल विद्यापीठातले जॉन ब्रूक्स आणि स्टॅन्ली डॉडसन यांनी १९६५ साली याचा एक नमुना मांडला. कनेटिकट राज्यातल्या क्रिस्टल लेक या तळ्यातल्या प्लवकांच्या १९४२ सालच्या नोंदी उपलब्ध होत्या. त्यानंतर तिथे हेरिंगच्या जातकुळीतला एक प्लवकभक्षी मासा आला आणि स्थिरावला. ब्रूक्स आणि डॉडसन यांनी १९६४ साली पुन्हा नमुने घेतले. पूर्वी तिथे बहुसंख्य प्लवक पाऊण मिलिमीटरच्या आसपास होते, आता ते ०.३ मिलिमीटरच्या घरात आले होते. डॅफ्निया गेले होते आणि त्यांची जागा बॉस्मिना या चिमुकल्या प्लवकाने घेतली होती. प्लवक संपले नव्हते, फक्त कोण उरलं ते बदललं होतं. पण बॉस्मिनाची चराई ती किती? तळ्यात प्राणीप्लवक आहेत की नाहीत, एवढंच विचारून भागत नाही. ते केवढे आहेत, हेही विचारावं लागतं.

दोन तळ्यांतली अदलाबदल

इथपर्यंतचे पुरावे हौदांतले आणि जुन्या-नव्या नोंदींच्या तुलनेतले होते. अख्ख्या तळ्यात साखळीच्या टोकाचा मासा हलवला, तर परिणाम खरंच शेवाळापर्यंत उतरतो का? ते पाहायचं धाडस स्टीफन कार्पेंटर, जेम्स किचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं.

अमेरिकेत विस्कॉन्सिन आणि मिशिगन राज्यांच्या सीमेवर नॉत्र दाम विद्यापीठाचं संशोधन क्षेत्र आहे. तिथे जंगलात लहान-लहान तळी आहेत. त्यांतल्या पीटर तळ्यात लार्जमाउथ बास हा मोठा मांसाहारी मासा होता. ट्यूजडे तळ्यात बास नव्हते, फक्त मिनो नावाचे बोटभर प्लवकभक्षी मासे होते. मे १९८५ मध्ये संशोधकांनी पीटरमधले सुमारे ९० टक्के प्रौढ बास, म्हणजे जवळपास पावणेचारशे मासे, पकडून ट्यूजडेत सोडले. ट्यूजडेमधले ९० टक्के मिनो काढले आणि त्यांतले बहुतेक पीटरमध्ये सोडले. शेजारचं पॉल तळं तुलनेसाठी जसंच्या तसं ठेवलं. म्हणजे हवामानामुळे काही बदल झालाच, तर तो पॉलमध्येही दिसला असता.

ट्यूजडेत सगळं हिशेबाप्रमाणे घडलं. मिनो संपले, छोट्या प्लवकांच्या जागी मोठे डॅफ्निया आले आणि शेवाळ घटलं. तळ्यात येणाऱ्या पोषकद्रव्यांना कुणी हात लावला नव्हता. फक्त वरचा मासा बदलला आणि त्याचा परिणाम तीन पायऱ्या उतरून शेवाळापर्यंत पोहोचला.

पीटरमध्ये मात्र कागदावरचा हिशेब फिसकटला. तिथे हजारो मिनो आले होते, म्हणजे डॅफ्निया संपायला हवे होते. झालं उलटंच. काढता-काढता तळ्यात थोडे बास उरले होते. त्यांच्या धाकाने मिनो मोकळं पाणी सोडून काठच्या उथळ भागात, झुडपा-पानांच्या आडोशाला जाऊन बसले. त्यांतले बरेच बासच्या पोटात गेले आणि काही आठवड्यांतच मोकळ्या पाण्यात मिनो दिसेनासे झाले. डॅफ्निया निर्धास्तपणे वाढले. पण हेही टिकलं नाही. प्रौढ बास आपल्याच जातीची पिल्लं खातात. तेच कमी झाल्याने त्या वर्षी बासची पिल्लं भरपूर जगली. पिल्लू असताना बास प्लवकच खातो. उन्हाळा सरता-सरता या पिल्लांनी प्लवकांवर ताव मारला आणि शेवाळ वाढलं.

म्हणजे एकाच जातीचा मासा लहानपणी साखळीच्या एका पायरीवर असतो आणि मोठेपणी दुसऱ्या. ‘या तळ्यात बास आहेत’ एवढी नोंद त्यामुळे अपुरी ठरते.

याच परिसरातल्या पुढच्या अभ्यासात आणखी एक बाब समोर आली. पोषकद्रव्यं वाढवली, तेव्हा मिनोंचं राज्य असलेल्या तळ्यांत शेवाळ इतकं वाढलं की ती हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषू लागली. बास असलेल्या तळ्यांत शेवाळ कमी, त्यामुळे ती हवेत कार्बन सोडत राहिली. माशाची जात बदलली की तळ्याचा हवेशी असलेला व्यवहारही बदलतो.

नुसत्या भीतीचाही परिणाम

पीटरमधल्या मिनोंपैकी कित्येकांना बासने खाल्लं नव्हतं, नुसतं घाबरवलं होतं. तरीही डॅफ्नियाचा फायदा झालाच. शिकाऱ्याची भीती हीसुद्धा साखळीतली एक शक्ती आहे.

डॅफ्निया स्वतःही घाबरून वागतात. मासे असलेल्या अनेक तळ्यांत ते दिवसा खोल अंधाऱ्या पाण्यात उतरतात आणि संध्याकाळी वर येऊन रात्रभर चरतात. अंधारात मासा त्यांना पाहू शकत नाही. खाली थंडी असते, अन्न कमी असतं, वाढ मंदावते, पण जीव वाचतो. मासे आहेत हे त्यांना कळतं कसं? माशांच्या शरीरातून पाण्यात मिसळणाऱ्या रसायनांवरून. मासे ज्या पाण्यात होते ते नुसतं पाणी प्रयोगशाळेतल्या डॅफ्नियांना दिलं, मासा दाखवलासुद्धा नाही, तरी त्यांचं वागणं बदलतं.

काही जाती तर अंगच बदलतात. भारतातल्या तळ्यांतही आढळणारा डॅफ्निया लमहोल्टझी माशांचा वास लागला की डोक्यावर लांब टोकदार शिरस्त्राण आणि मागे लांब काटा वाढवतो. छोट्या माशांना तो गिळणं अवघड होतं. ही जात १९९०च्या सुमारास अमेरिकेतल्या जलाशयांत पोहोचली आणि तिथे पसरली. या काट्याचा तिला उपयोग झालाच असणार.

मेंडोटा: एका पाहुण्याची किंमत

आता खर्चाकडे वळू. विस्कॉन्सिनची राजधानी मॅडिसन ही मेंडोटा सरोवराच्या काठावर आहे. आजूबाजूच्या दुग्धशेतीमुळे सरोवरात फॉस्फरस भरपूर येतो. १९८७ साली तिथे उतरत्या परिणामाचा मुद्दाम वापर करायचं ठरलं. वॉलआय आणि नॉर्दर्न पाइक या मांसाहारी माशांची पिल्लं मोठ्या संख्येने सोडली. त्याच वर्षीच्या कडक उन्हाळ्यात सिस्को हा प्लवकभक्षी मासा मोठ्या प्रमाणावर मेला. दोन्ही गोष्टींचा परिणाम एकाच दिशेने झाला. मोठ्या डॅफ्नियांचं राज्य आलं आणि पाणी स्पष्टपणे नितळ झालं. फॉस्फरस येतच होता, पण डॅफ्निया तो भार सांभाळत होते.

मग २००९ साली तिथे एक परका जीव सापडला, काटेरी बायथोट्रेफिस. हाही पाण्यात तरंगणारा प्राणी, पण शिकारी. सेंटिमीटरभर लांब आणि त्यातही बराचसा भाग नुसता काटा. युरोप-आशियातून जहाजांच्या भारपाण्याबरोबर तो १९८०च्या दशकात अमेरिकेच्या महासरोवरांत आला आणि तिथून इतरत्र पसरला. मेंडोटात त्याने डॅफ्नियाचा फडशा पाडला. काट्यामुळे छोट्या माशांना त्याला खाणंही कठीण. काही वर्षांत पाण्याची पारदर्शकता जवळपास एक मीटरने घटली.

२०१६ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी याचा हिशेब मांडला. डॅफ्निया गमावल्याची भरपाई फक्त फॉस्फरस कमी करून करायची, तर सरोवरात येणारा फॉस्फरस ७१ टक्क्यांनी घटवावा लागेल. त्याचा खर्च ८ कोटी ६५ लाख ते १६ कोटी ३० लाख डॉलर. डॅफ्निया हे काम इतकी वर्षं बिनपगारी करत होते.

उथळ तळ्यांची दोन रूपं

खोल सरोवरांत मोकळ्या पाण्यातली चराई महत्त्वाची, तर उथळ तळ्यांत तळाशी वाढणाऱ्या पाणवनस्पतींना मोठा मान आहे. त्या गाळ धरून ठेवतात, पोषकद्रव्यं शोषतात आणि डॅफ्नियाला माशांपासून लपायला जागा देतात. पाणी नितळ राहतं, तळापर्यंत ऊन पोहोचतं, म्हणून वनस्पती आणखी वाढतात.

उलट, पाणी एकदा गढूळ झालं की तळाला ऊन मिळत नाही आणि वनस्पती मरतात. गाळ मोकळा होतो, डॅफ्नियाचा आडोसा जातो. कार्पसारखे तळ उकरणारे मासे गाळ ढवळून पाणी आणखी गढूळ करतात. दोन्ही अवस्था स्वतःला टिकवून धरतात. नेदरलँड्सचे मार्टेन शेफर यांनी १९९०च्या दशकात ही मांडणी पुढे आणली. तिचा व्यावहारिक अर्थ असा, की तळं बिघडायला जेवढं प्रदूषण लागलं, तेवढंच कमी करून ते सुधारत नाही. त्याहून पुष्कळ खाली यावं लागतं किंवा माशांचं गणित बदलून तळ्याला धक्का द्यावा लागतो. नेदरलँड्समध्येच वोल्डरवाइट सरोवरातून १९९०-९१ मध्ये सुमारे तीन चतुर्थांश मासे काढले गेले. पाणी निवळलं खरं, पण तो पहिला नितळपणा थोडेच आठवडे टिकला. धक्का देण्याइतकंच त्यानंतरचं टिकवणंही अवघड असतं.

असं रूपांतर आधी ओळखता येतं का? पीटर तळ्यात २००८ पासून कार्पेंटर यांच्या गटाने बास हळूहळू वाढवत नेले आणि रोजच्या रोज मोजमापं घेतली. साखळी पूर्ण पालटण्याच्या वर्षभर आधीपासूनच शेवाळाचं प्रमाण नेहमीपेक्षा जास्त वर-खाली होऊ लागलं होतं. म्हणजे तळं पालटण्याआधी त्याची चलबिचल मोजता येते, अर्थात कुणी सातत्याने मोजत असेल तर.

आपल्या पाण्यात काय वेगळं?

यांतले बहुतेक प्रयोग थंड प्रदेशातले. महाराष्ट्रातल्या तलावांना ते जसेच्या तसे लागू करू नयेत. आपलं पाणी वर्षभर उबदार. छोट्या माशांची वीण अनेकदा होते, त्यामुळे त्यांचा जाच बारमाही. साहजिकच मोठे डॅफ्निया कमी आणि छोटे प्लवक जास्त दिसतात. शिवाय आपले अनेक मासे एका पायरीवर बसणारे नाहीत. ते शेवाळ, प्लवक, किडे, गाळातलं कुजकं असं मिळेल ते खातात. त्यामुळे इथे उतरता परिणाम दिसतो, पण पुसट होतो. पोषकद्रव्यं फार वाढली की नीलहरित शेवाळाचे मोठे पुंजके तयार होतात. ते डॅफ्नियाला गिळता येत नाहीत आणि त्यांतले काही विषारीही असतात. अशा तळ्यात कितीही मरळ सोडली तरी सांडपाणी थांबवल्याशिवाय पाणी सुधारत नाही.

तरीही ‘कोण कोणाला खातं’ हा प्रश्न आपल्याकडेही तितकाच कामाचा आहे. आपल्या तलावांत कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली सोडतात. कटला वरच्या थरात मुख्यतः प्राणीप्लवक खातो, रोहू मधल्या थरात वनस्पती आणि शेवाळ, मृगळ तळातलं कुजकं. मत्स्यशेतीत हे त्रिकूट सोयीचं, कारण तिघांचं ताट वेगळं. पण पिण्याच्या पाण्याच्या तलावात कटला भरमसाट सोडला, तर प्राणीप्लवकांवर ताण येणार, हे वरच्या गणितातून उघड आहे.

चिलापीचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं. मूळचा आफ्रिकेतला हा मासा १९५२ साली भारतात आणला गेला. उजनीसारख्या जलाशयांत आज तो जाळ्यात हमखास येतो आणि अनेक मच्छीमारांचं पोट त्यावर चालतं. पण नर तळात खड्डे करून घरटी करतात, त्याने गाळ ढवळला जातो. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्लं मोठ्या प्रमाणात जगतात. त्याच्या खाण्यात शेवाळही येतं आणि प्लवकही. विष्ठेतून तो पोषकद्रव्यं पुन्हा पाण्यात सोडतो. मांसाहारी मासे पुरेसे नसतील, तर त्याला आवर घालणारं कुणी नसतं.

थोडक्यात

• पोषकद्रव्यं, विशेषतः फॉस्फरस, शेवाळ वाढण्याची कमाल मर्यादा ठरवतात. त्या मर्यादेत प्रत्यक्ष किती शेवाळ उरेल, ते खाणारे जीव ठरवतात.
• साखळीच्या टोकाला झालेला बदल खाली उतरताना दर पायरीला उलटतो. मोठे मासे वाढले, छोटे घटले, डॅफ्निया वाढले, शेवाळ घटलं.
• प्राणीप्लवक किती आहेत याइतकंच ते केवढे आहेत हे महत्त्वाचं. मोठे डॅफ्निया सर्वांत चांगले चरणारे आणि माशांना सर्वांत आधी दिसणारे.
• शिकाऱ्याची नुसती भीतीही जीवांची जागा, वेळ आणि अंगाची ठेवण बदलते.
• उथळ तळं एकदा गढूळ झालं की ते आपोआप पूर्ववत होत नाही.
• उबदार प्रदेशात हा परिणाम पुसट असतो. सांडपाणी रोखायला पर्याय नाही.

तळ्यात मासा सोडण्याआधी

गप्पी किंवा गंबुशिया बंद टाकीत, बांधलेल्या हौदात सोडायला हरकत नाही. तिथे डासांचा बंदोबस्त जास्त महत्त्वाचा. पण नैसर्गिक तळ्यात, ओढ्यात, देवराईतल्या कुंडात ते सोडू नयेत. तिथले स्थानिक छोटे मासे डासांच्या अळ्या खातातच, आणि बाहेरचा मासा सगळी साखळी विस्कटू शकतो.

घरातलं मत्स्यपात्र बंद करताना मासे जवळच्या तलावात ‘मोकळे सोडणं’ ही भूतदया नव्हे. काचेवरचं शेवाळ खातो म्हणून आणलेला सकर मासा आता उजनीतल्या मच्छीमारांच्या जाळ्यांतही सापडू लागला आहे, आणि त्याला बाजारात गिऱ्हाईक नाही. असे मासे दुकानदाराला परत द्या किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्या. आणि तुमच्या गावातल्या तलावाच्या सुशोभीकरणाचा आराखडा ग्रामसभेत किंवा प्रभाग समितीत आला, तर कारंजी आणि जॉगिंग ट्रॅक किती, हे विचारण्याआधी दोन प्रश्न विचारा. तलावात येणारं सांडपाणी कुठे वळवणार? आणि त्यात कोणते मासे सोडणार, ते काय खातात, त्यांना कोण खातं? या दोन प्रश्नांची उत्तरं आराखड्यात नसतील, तर त्यातला बाकीचा खर्च वाया जाण्याचीच शक्यता जास्त.